स्कॅनरने पाच कोड दाखवले, मग बदलायचे काय?

प्रश्न: आमच्याकडे २०१८ सालची छोटी पेट्रोल गाडी आहे. मुलगी ती घेऊन रोज डिचोलीहून पणजीला कामावर जाते. जुलैमध्ये सलग चार दिवस पावसाची झड लागली होती, तेव्हा गाडी घरीच उभी होती. पाचव्या दिवशी सकाळी स्टार्टर मारला तेव्हा इंजिन जडपणे फिरून कसेबसे चालू झाले आणि चेक इंजिन, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) व स्टिअरिंग असे तीन दिवे एकदम लागले. संध्याकाळी परतताना पर्वरीच्या चढावर गाडीने दम सोडला. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी वेग वाढेना. जवळच्या गॅरेजमध्ये दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तेव्हा पी ०५६२, यू ०१२१, पी ०६४२, पी ०१०७ आणि पी ०१२२ असे पाच कोड निघाले. एवढे सेन्सर एकाच वेळी जाणे शक्य नाही, म्हणजे ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला, असे मेकॅनिकने सांगितले आणि कोड पुसून दिले. आठवडाभर सगळे ठीक होते. नंतर एकटा चेक इंजिनचा दिवा परत लागला. दुसऱ्या गॅरेजमध्ये फक्त पी ०१७१ निघाला आणि त्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदला म्हटले. भाच्याने ब्लूटूथचे यंत्र लावून मोबाईलवर पाहिले, तर पी ०१७१ च्या जोडीला पी १ ने सुरू होणारा आणखी एक कोड दिसला आणि त्याचा अर्थ ॲपने ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा बिघाड असा दिला. आमची गाडी तर हाताने गिअर टाकायची आहे! शेजारी म्हणतात, हा सगळा पेट्रोलातल्या इथेनॉलचा परिणाम. ॲपमधील माहितीचा फोटो सोबत जोडला आहे. आणखी एक, बॉनेट उघडले तेव्हा बॅटरीच्या बाजूला नारळाच्या सोडणाचे धागे पडलेले दिसले. त्याचा याच्याशी संबंध असेल का ते ठाऊक नाही. चवथीपूर्वी गाडी नीट व्हावी अशी इच्छा आहे. कोणाचे खरे मानावे?
(एक निवृत्त शिक्षक, डिचोली)

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपण सर्व कोड आकड्यांसह, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने आणि कोणत्या परिस्थितीत निघाले त्या तपशिलासह लिहून पाठवलेत, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. म्हणून आधी थेट उत्तर देतो आणि मग त्याची कारणे सांगतो. ईसीएम विकत घेऊ नका. ऑक्सिजन सेन्सरही तूर्त बदलू नका. सर्वप्रथम बॅटरी, तिच्या अर्थच्या (अर्थिंगच्या) वायरी आणि ज्या भागात सोडणाचे धागे सापडले त्या भागातले वायरिंग तपासून घ्या. पत्राच्या शेवटी आपण सहज लिहिलेली ती धाग्यांची गोष्ट मला साऱ्या पत्रात सर्वांत महत्त्वाची वाटली.

कोडविषयी आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे, ती अशी की स्कॅनर खराब झालेल्या भागाचे नाव सांगतो. प्रत्यक्षात गाडीच्या कॉम्प्युटरला कोणताही भाग दिसत नाही. त्याला दिसतात ते वायरींमधून येणारे व्होल्ट, आणि ते अपेक्षित मर्यादेबाहेर गेले की तो त्या घटनेची नोंद करतो. आपला पी ०१०७ घ्या. या नोंदीतले पी हे अक्षर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या विभागाचे असते. सी हे ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन यांचे, बी हे बॉडीचे, म्हणजे एअरबॅग, एसी, दरवाजे यांचे, आणि यू हे निरनिराळ्या कॉम्प्युटरांमधील आपसातल्या दळणवळणाचे. त्यापुढचे शून्य सांगते की हा कोड सर्व कंपन्यांना समान आहे, आणि त्यानंतरचा एक सांगतो की विषय हवा व इंधनाच्या मोजमापाचा आहे. पूर्ण कोडचा अर्थ इतकाच की इनटेक मॅनिफोल्डमधील, म्हणजे इंजिनला हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांमधील, हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्या सर्किटमधून येणारा व्होल्टेज फार कमी आहे. तो सेन्सर खराब झाल्याने कमी असेल, सेन्सरला पुरवठा मिळत नसल्याने कमी असेल, वायर तुटून बॉडीला टेकल्याने कमी असेल किंवा कपलरच्या, म्हणजे वायरी सेन्सरला जोडणाऱ्या सॉकेटच्या, पिना कळंकल्याने कमी असेल. या चौघांत निवड करणे हे माणसाचे काम आहे, आणि ते स्कॅनरवर उरकता येत नाही.

आता त्या दिवशीच्या पाच कोडांकडे वळू. आपल्या पहिल्या मेकॅनिकच्या बोलण्यातला अर्धा भाग अगदी बरोबर होता. पाच स्वतंत्र भाग एका रात्रीत बिघडत नाहीत, तेव्हा त्या सर्वांच्या मुळाशी समान असे काहीतरी असणार. मात्र तेथून त्यांनी थेट ईसीएमवर उडी घेतली. ती घाईची होती, कारण त्या पाचांत समान असलेल्या गोष्टी ईसीएमच्या आधी दोन आहेत. एक म्हणजे बॅटरीचा पुरवठा आणि दुसरी म्हणजे सेन्सरांना मिळणारे पाच व्होल्ट.

पी ०५६२ म्हणजे गाडीच्या एकूण यंत्रणेचा व्होल्टेज कमी पडला. यू ०१२१ म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा एबीएसच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला. चार दिवस दमट हवेत उभी राहिलेली गाडी, जडपणे फिरलेले इंजिन आणि एकाच क्षणी लागलेले तीन दिवे यांच्याशी हे दोन्ही कोड जुळतात. स्टार्टर फिरताना बॅटरीचा व्होल्टेज फार खाली गेला की एबीएसचे आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंगचे मॉड्यूल क्षणभर बंद पडते, इंजिनच्या कॉम्प्युटरला त्याच्याकडून उत्तर मिळत नाही आणि तो तशी नोंद करून ठेवतो. अशा वेळी एबीएसचे युनिट बदलणे म्हणजे वाड्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून वीज कमी येते म्हणून घरातला फ्रिज नवा घेण्यासारखे आहे. तेव्हा कोडांच्या यादीत पुरवठ्याविषयीचा कोड असेल तर त्याचा निकाल सर्वांआधी लावावा, आणि तो लागेपर्यंत बाकीच्या कोडांवर विश्वासही ठेवू नये आणि ते विसरूही नयेत.

हा निकाल लावायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर १२.४ ते १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. स्टार्टर फिरत असताना ते ९.६ च्या खाली जाऊ नयेत. इंजिन चालू झाल्यावर १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असावेत. अलीकडच्या काही गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटर मध्येच चार्जिंग कमी करतो, त्यामुळे तेथे हा आकडा थोडा खाली दिसला तर लगेच घाबरू नये, हेडलाईट लावून पुन्हा पाहावे. बॅटरी चार वर्षांहून जुनी असेल तर ती लोड टेस्टरवर तपासून घेणे योग्य, कारण उभ्या गाडीत १२.५ दाखवणारी बॅटरी स्टार्टरच्या भाराखाली कोसळू शकते.

गोव्यात याला जोडूनच आणखी एक तपासणी करावी लागते, आणि गॅरेजमध्ये ती बहुतेक वेळा राहून जाते. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून बॉडीपर्यंत आणि बॉडीपासून इंजिनपर्यंत जाड अर्थ वायरी असतात. समुद्राकडची खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी त्यांच्या बोल्टखाली गंज धरतो. वरून वायर धडधाकट दिसते, हाताला घट्टही लागते, पण बोल्ट सोडल्यावर खालच्या पत्र्यावर तपकिरी पापुद्रे निघतात. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून स्टार्टर मारायला सांगा. वायर निरोगी असेल तर ०.२ व्होल्टच्या आसपास दिसेल. ०.५ च्या वर गेला तर तो अर्थ मोकळा करून, घासून, पुन्हा घट्ट बसवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. ही तपासणी काही मिनिटांची असते आणि तिच्यावाचून बदललेले महागडे भाग माझ्या पाहण्यात इतके आहेत की याबाबत मी आग्रही झालो आहे.

उरलेले तीन कोड, पी ०६४२, पी ०१०७ आणि पी ०१२२, हे एकत्र वाचायला हवेत. मॅप सेन्सर (पी ०१०७) आणि थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनमध्ये हवा सोडणाऱ्या झडपेचा, सेन्सर (पी ०१२२) यांना बॅटरीचे बारा व्होल्ट थेट दिले जात नाहीत. ईसीएम त्यांना स्वतः तयार केलेले स्थिर पाच व्होल्ट पुरवतो, त्यांना रेफरन्स व्होल्टेज म्हणतात, आणि सेन्सर त्या पाचांपैकी किती परत पाठवतो यावरून दाब किंवा थ्रॉटलची उघडीप समजते. पी ०६४२ सांगतो की हा रेफरन्स व्होल्टेजच कमी पडला. ज्या सेन्सरांना मुळात पाच व्होल्ट मिळालेच नाहीत त्यांचे उत्तर कमी येणारच, म्हणून पी ०१०७ आणि पी ०१२२ या दोघांच्याही अर्थात सर्किटचा व्होल्टेज कमी हाच शब्दप्रयोग आहे. एका सर्किटमध्ये कमी, दुसऱ्यात जास्त असे असते तर मी वेगळा विचार केला असता. पर्वरीच्या चढावर दम जाण्याचा उलगडाही येथेच होतो. थ्रॉटलच्या उघडिपीची खात्री राहिली नाही की ईसीएम इंजिनची ताकद मुद्दाम मर्यादित करतो, जेणेकरून गाडी हळूहळू का होईना पण सुरक्षित घरी पोहोचावी.

रेफरन्स व्होल्टेज कोणी खाली ओढला हे शोधण्याची रीत चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला माहीत असते. इग्निशन चालू, इंजिन बंद, अशा स्थितीत मॅप सेन्सरचा कपलर काढून वायरीकडच्या बाजूला पाच व्होल्ट येतात का ते मोजायचे. कमी असतील तर त्याच लाईनवरचे सेन्सर एकामागून एक सुटे करत जायचे आणि मीटरवर डोळा ठेवायचा. एखादा सेन्सर सोडताच आकडा उसळी मारून पाचवर आला तर दोष त्या सेन्सरचा. सगळे सोडूनही आला नाही तर वायरिंगचा माग काढायचा, आणि वायरिंग ईसीएमपासून वेगळे करूनही ईसीएमच्या पिनेवर पाच व्होल्ट नसतील तरच ईसीएमकडे बोट दाखवायचे. कोणते सेन्सर एकाच लाईनवर आहेत हे मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून वायरिंग डायग्रॅम समोर असलेला बरा. आपल्या पहिल्या मेकॅनिकने यातले काही मोजल्याचा उल्लेख पत्रात नाही. शिवाय कोड पुसल्यावर गाडी आठवडाभर व्यवस्थित चालली, हा ईसीएम निर्दोष असल्याचा मोठा पुरावा आहे, कारण पुरवठा देणारा आतला भाग जळाला असता तर तो पुसण्याने बरा झाला नसता. येऊन जाऊन असणारा दोष बहुतेक करून वायरीत, पिनेत किंवा ओलाव्यात सापडतो. आणि ईसीएमच्या बाबतीत लक्षात ठेवायची बाब अशी की दुसऱ्या गाडीतून काढलेला ईसीएम नुसता बसवून चालत नाही. किल्लीच्या इमोबिलायझरशी त्याची जुळणी करावी लागते, नाहीतर गाडी सुरूच होत नाही.

आता सोडणाचे धागे. पावसाळ्यात उंदरांना कोरडी, उबदार जागा लागते आणि माड-पोफळींच्या सान्निध्यात उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन त्यांना आयते मिळते. घरटे करायला ते सोडणाचे धागे आणतात आणि दात झिजवायला वायरींचे आवरण कुरतडतात. चार दिवस गाडी न हलल्याने त्यांना निवांतपणा मिळाला. आवरण गेलेली पाच व्होल्टची बारीक वायर ओल्या बॉडीला किंवा शेजारच्या अर्थला टेकली की नेमके आपल्या यादीतलेच तीन कोड निघतात, आणि वायर सुकली किंवा हलली की ते नाहीसे होतात. तेव्हा बॅटरीचा ट्रे काढून त्याखालचा आणि थ्रॉटल बॉडीकडे जाणारा वायरिंगचा गठ्ठा प्रकाशात, बोटांनी चाचपत तपासून घ्या. गठ्ठ्यावरच्या नालीदार नळीवर दातांच्या खुणा दिसल्या तर ती नळी त्या भागात उघडावीच लागेल. सापडलेली वायर नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळू देऊ नका, आपल्या हवेत तो जोड पुढच्या पावसापर्यंत कळंकतो. ती सोल्डर करून श्रिंक स्लीव्ह चढवायला सांगा. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडूनच हे काम व्हावे, आणि पिवळ्या रंगाच्या कपलरांना हात लावू नये, ते एअरबॅगचे असतात.

पी ०१७१ हा नंतर एकटा आलेला कोड वेगळ्या स्वभावाचा आहे आणि त्याच्यावर थोडे थांबून विचार करावा लागेल. त्याचा अर्थ असा की इंजिनमध्ये हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे आणि ती तूट भरून काढता काढता ईसीएम आपल्या मर्यादेला पोहोचला आहे. ही गोष्ट ईसीएमला कळते ऑक्सिजन सेन्सरकडून. म्हणून तो सेन्सरच बदलून टाकावा असा विचार सुचतो, पण येथे तो सेन्सर बातमी देणारा आहे. खुद्द त्याच्याविषयी तक्रार असती तर पी ०१३० पासून पुढचे कोड निघाले असते, त्याचा आतला हीटर गेला असता तर पी ०१३५. तसे काही निघालेले नाही. ऑक्सिजन सेन्सर खोटे बोलून पी ०१७१ आणू शकतो हे खरे, पण ती शक्यता शेवटी तपासायची असते.

आपल्या फोटोत कोडखाली जे आकडे आहेत त्यांना फ्रीझ फ्रेम म्हणतात. दोष नोंदवला गेला त्या क्षणी इंजिनची अवस्था काय होती याची ती टिपलेली नोंद असते, आणि गॅरेजमध्ये बहुधा ती कोणी उघडून पाहत नाही याचे मला नेहमी वाईट वाटते. आपल्या फोटोप्रमाणे त्या वेळी कूलंटचे तापमान ८६ अंश, वेग ताशी ५२ किलोमीटर, शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम (ईसीएमने पेट्रोलच्या हिशेबात केलेली तात्पुरती वाढ-घट) अधिक ७.८ टक्के आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (शिकून कायम ठेवलेली वाढ-घट) अधिक २१.९ टक्के होती. म्हणजे इंजिन तापलेले होते, गाडी सरळ चाललेली होती आणि ईसीएम हिशेबापेक्षा जवळजवळ ३० टक्के जास्त पेट्रोल सोडत होता. निरोगी इंजिनात हे दोन्ही आकडे मिळून शून्याच्या आजूबाजूला पाच, फार तर दहा टक्क्यांच्या आत राहतात.

शेजाऱ्यांच्या इथेनॉलच्या शंकेचे उत्तरही याच आकड्यांत आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ भाग पुरते, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन थोडे जास्त सोडावे लागते. १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेल्यास हा फरक चार टक्क्यांच्या आसपास, आणि अगदी शुद्ध पेट्रोलपासून मोजला तरी आठ-नऊ टक्के. त्यामुळे ट्रिमचा आकडा किंचित वर सरकलेला दिसणे स्वाभाविक आहे, पण तीस टक्क्यांचा भार इथेनॉलच्या माथी मारता येणार नाही.

मग तूट कशाची? पुष्कळ मेकॅनिक पी ०१७१ पाहिला की व्हॅक्यूमची गळती शोधू लागतात. ज्या गाड्यांत आत येणारी हवा एअर फ्लो सेन्सरने मोजतात त्यांच्यात ते बरोबर आहे, कारण सेन्सरच्या पुढे चोरवाटेने शिरलेली हवा मोजलीच जात नाही. आपल्या गाडीसारख्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मात्र हवा मॅनिफोल्डमधल्या दाबावरून मोजली जाते. तेथे गळती झाली तरी दाब वाढतो, ईसीएमला तो दिसतो आणि त्या प्रमाणात पेट्रोलही वाढते. अशा गाडीत गळतीने बहुधा आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, चढते. म्हणून माझा पहिला संशय मॅप सेन्सरवर, त्यातही त्याच्या कपलरवर आहे. कपलरची पिन कळंकली की सेन्सरला पाचऐवजी साडेचार व्होल्टच पोहोचतात, तो खरा दाब असेल त्यापेक्षा कमी सांगतो, ईसीएमला वाटते इंजिनवर भार कमी आहे, तो पेट्रोल कमी सोडतो, आणि मग ऑक्सिजन सेन्सर तूट कळवतो. व्होल्टेज इतका पडलेला नसतो की पी ०१०७ पुन्हा नोंदला जावा, पण हिशेब चुकण्याइतका पडलेला असतो. हे खरे ठरले तर आपले पहिले पाच कोड आणि नंतरचा एकटा कोड एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

हा संशय भाच्याच्या त्याच यंत्राने, एक पैसाही न खर्चता तपासता येतो. सकाळी इंजिन चालू न करता फक्त इग्निशन लावा आणि ॲपमध्ये मॅनिफोल्डचा दाब पाहा. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, आणि डिचोली समुद्रसपाटीपासून फारशी उंच नसल्याने तो आकडा १०० किलोपास्कलच्या अगदी जवळ असायला हवा. पावसाळी हवेत दाब थोडा उतरतो, म्हणून ९९ दिसले तरी हरकत नाही. ९२ हा आकडा चोर्ला घाटाच्या माथ्यावर शोभेल, आपल्या अंगणात नाही. तो तसा दिसला तर सेन्सर किंवा त्याचा पुरवठा खोटे बोलतो आहे. मग कपलर काढून पिनांकडे नीट पाहा. त्यांवर हिरवट-पांढरा थर असेल तर काँटॅक्ट क्लीनर मारून, सुकवून, कपलर परत बसवा आणि आकडा पुन्हा पाहा. पॉलिश पेपरने पिना घासू नका, त्यांच्यावरचा मुलामा जातो. त्याच वेळी कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमानही पाहून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखी आणि बाहेरच्या हवेइतकी असावीत. एखादे उणे ४० दाखवत असेल तर त्या सेन्सरची वायर सुटली आहे.

मॅपचा आकडा चोख निघाला तर मात्र माझा संशय चुकीचा ठरतो आणि पुढच्या क्रमाने जावे लागेल. ट्रिम आधी आयडलिंगला आणि मग २५०० आरपीएमला वाचून घ्यावी. वेग व भार वाढेल तशी ट्रिम वाढत असेल तर पेट्रोलचा दाब, फिल्टर आणि इंजेक्टर तपासावेत. आयडलिंगला जास्त आणि पुढे कमी होत असेल तर ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरची लाईन कोठे फुटली आहे का ते पाहावे, कारण त्या फटीतून आत ओढलेली बाहेरची हवाही सेन्सरला तूट म्हणूनच दिसते.

पी १ ने सुरू होणाऱ्या कोडची चिंता करू नका. दुसऱ्या जागी एक असेल तर तो कोड कंपनीचा स्वतःचा असतो आणि एकाच आकड्याचा अर्थ दोन कंपन्यांत पूर्ण वेगळा असू शकतो. ॲपने भलत्याच कंपनीच्या यादीतून अर्थ उचलला आहे. ॲपमध्ये गाडीची कंपनी आणि मॉडेल निवडले आहे का ते भाच्याला पाहायला सांगा, नाहीतर तो आकडा कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये दाखवून अर्थ विचारा. अशी स्वस्त यंत्रे इंजिनच्या कॉम्प्युटरशी ठीक बोलतात, पण एबीएस आणि स्टिअरिंगच्या मॉड्यूलमध्ये बऱ्याचदा शिरू शकत नाहीत, म्हणून ते दोन दिवे पुन्हा लागले तर तेथे मोठा स्कॅनरच लागेल.

कोड पुसण्याविषयी थोडे कडकच सांगतो. कोड पुसले की त्यांच्याबरोबर फ्रीझ फ्रेम जाते, ईसीएमने शिकलेली फ्युएल ट्रिम बहुतेक गाड्यांत शून्यावर येते आणि गाडीने स्वतःच्या ज्या तपासण्या पूर्ण केलेल्या असतात त्याही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. बरेच दोष लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दिसल्यावरच दिवा लागतो, त्यामुळे पुसल्यावर काही दिवस दिवा न लागणे हे दुरुस्तीचे लक्षण मानू नये. दोष खरोखर गेला असेल तर लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो आणि इंजिन थंडाचे गरम होण्याच्या साधारण ४० खेपांनंतर नोंदही निघून जाते. आपल्या पहिल्या पाच कोडांच्या फ्रीझ फ्रेम पुसल्या गेल्या. त्या असत्या तर स्टार्टर मारताना व्होल्टेज किती पडला होता हे कदाचित आज सांगता आले असते. यापुढे कोठेही स्कॅनर लावला तर पुसण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढू द्या म्हणून सांगा, आणि कोड आताचा आहे, प्रलंबित आहे की जुना आहे हेही विचारा. स्कॅनिंगचे पैसे आपण देता, तेव्हा तो कागद मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

गॅरेजमध्ये गेल्यावर "कोड काढा" असे सांगू नका. सांगा की बॅटरी लोडवर तपासा, अर्थचा व्होल्टेज ड्रॉप मोजा, मॅप सेन्सरच्या कपलरवर पाच व्होल्ट येतात का पाहा आणि बॅटरीखालचे वायरिंग उंदराने खाल्ले आहे का ते दाखवा. हे ऐकून जो मल्टिमीटर घेऊन येईल त्याच्याकडे गाडी द्या. एखादा भाग बदलायचाच ठरला तर कोणत्या मोजमापावरून ठरले ते विचारा आणि जुना भाग परत मागून घ्या. पाऊस उघडल्यावर इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुऊन घ्यायची पद्धत आपल्याकडे आहे, ती या गाडीपुरती बंद ठेवा. ओलसर फडक्याने पुसले तरी पुरते.

मुलीला तोवर गाडी चालवायची असेल तर तिला एवढे समजावून द्या. चेक इंजिनचा दिवा स्थिर लागलेला असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर ती जपून घरी आणता येते. दिवा लुकलुकू लागला तर एखाद्या सिलिंडरमध्ये स्फोट नीट होत नाही आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून खराब होतो, म्हणून ॲक्सिलरेटर सोडून, बाजूला घेऊन, गाडी बंद करावी. एबीएसचा दिवा लागला तरी साधा ब्रेक काम करतो, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबल्यास चाके जागच्या जागी अडकून गाडी घसरू शकते, तेव्हा पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवावे. स्टिअरिंगचा दिवा लागल्यास चक्र जड होते, वळता येते, मात्र ताकद लावावी लागते. आणि पर्वरीला झाला तसा दम पुन्हा गेला तर मांडवी पुलावर किंवा चढावर गाडी रेटत नेऊ नये. पार्किंगचे दिवे लावून डावीकडे घ्यावी, इंजिन बंद करून एखादे मिनिट थांबावे आणि पुन्हा चालू करून पाहावे. त्या वेळी कोणता कोड नोंदला गेला ते घरी आल्यावर, काहीही पुसण्यापूर्वी, भाच्याने फोटो काढून ठेवावे. मॅपचा सकाळचा आकडा आणि तो फोटो असे दोन्ही मला पाठवलेत तर चवथीच्या आधी आपल्याला उत्तर देईन.